रोमच्या इतिहासाचे पहिले पुस्तक कोणते घ्यावे? : मेरी बीअर्ड यांचे ‘एस.पी.क्यू.आर.’

प्राचीन रोमशी आपली ओळख बहुधा दोन-चार प्रसंगांपुरतीच असते : सीझरचा खून, हत्ती घेऊन आल्प्स ओलांडणारा हॅनिबल आणि शहर जळत असताना वाद्य वाजवत बसलेला नीरो. त्यापुढे जाऊन सलग काही वाचायचे ठरवले की सुरुवात कोठून करावी, हा प्रश्न उभा राहतो. इंग्रज इतिहासकार एडवर्ड गिबन यांचा सहा खंडांचा ग्रंथ नावाजलेला असला, तरी १७७६ ते १७८८ या काळात प्रसिद्ध झालेला तो ग्रंथ साम्राज्याच्या ऱ्हासाविषयी आहे, आणि ज्याला रोम उभे कसे राहिले हेच ठाऊक नाही त्याने त्याच्या पडझडीपासून आरंभ करण्यात अर्थ नाही. अशा नवख्या वाचकासाठी २०१५ साली प्रसिद्ध झालेले ब्रिटिश इतिहासकार मेरी बीअर्ड यांचे ‘एस.पी.क्यू.आर.’ हे इंग्रजी पुस्तक मला सर्वांत योग्य वाटते. ‘रोमची सिनेट (सरदारांची सभा) आणि जनता’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांची ही आद्याक्षरे आहेत.

पुस्तक रोमचा दंतकथेतील संस्थापक रोम्युलस याच्यापासून सुरू होत नाही. पहिले प्रकरण थेट इ.स.पू. ६३ मध्ये उघडते. कर्जात बुडालेला सरदार कॅटिलाइन बंडाचा कट करतो, त्या वर्षीचा कॉन्सल (वर्षापुरता निवडलेल्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक) सिसेरो भर सिनेटमध्ये त्याच्यावर तुटून पडतो, आणि पकडलेल्या कटवाल्यांना खटला न चालवताच मृत्युदंड दिला जातो. पाचच वर्षांनी याच कारणावरून सिसेरोला रोम सोडून जावे लागते आणि त्याचे घर जमीनदोस्त केले जाते. राज्याच्या सुरक्षेसाठी नागरिकाचा हक्क कितपत बाजूला सारता येतो, हा येथील वाद आजही जुना झालेला नाही. पण हा आरंभ निवडण्यामागे आणखी एक कारण आहे : सिसेरोची भाषणे आणि पत्रे मोठ्या संख्येने उपलब्ध असल्यामुळे रोमच्या इतिहासात भरघोस समकालीन पुरावा प्रथम येथेच हाती लागतो. त्याआधीच्या शतकांविषयी बोलताना पायाखालची जमीन किती भुसभुशीत आहे, हे वाचकाला या प्रकरणानंतरच उमगते.

हा मुद्दा सातारच्या वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना वाईत सापडलेल्या कागदपत्रांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, आणि बखर व अस्सल कागद यांत फरक करण्याची शिस्त आपल्याकडे रुजली. रोमच्या बाबतीत रोमन इतिहासकार लिव्ही हा आपल्या बखरकारांच्या जागी आहे. परंपरेने इ.स.पू. ७५३ मध्ये धरलेल्या नगरस्थापनेविषयी तो सुमारे सात शतकांनंतर लिहीत होता. लांडगीने पाजलेली जुळी भावंडे, सबाइन स्त्रियांचे अपहरण आणि सात राजे या कथा बीअर्ड उडवून लावत नाहीत. त्या घडल्या का, यापेक्षा नंतरच्या रोमन लोकांना त्या सांगाव्याशा का वाटल्या, याचा शोध त्या घेतात. आपल्या नगराचा संस्थापक सख्ख्या भावाचा खुनी होता, अशी कथा जपणारा समाज यादवी युद्धांच्या काळात तिच्याकडे कसा पाहत असेल, हा विचार मला फार मोलाचा वाटला.

साधने कशी तपासावीत याचा उत्तम नमुना म्हणजे इ.स.पू. २९८ चा कॉन्सल सिपिओ बार्बाटस. त्याची दगडी शवपेटी आज व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. तिच्यावरील लेख सांगतो की त्याने दक्षिणेकडील संपूर्ण लुकानिया जिंकला. लिव्ही मात्र त्याच वर्षी त्याला उत्तरेकडे इट्रुस्कनांशी लढताना दाखवतो. कुटुंबाने कोरून घेतलेली प्रशस्ती खरी मानायची की तीन शतकांनंतरचा इतिहासकार? याच लेखात त्याचे रूप त्याच्या पराक्रमाला शोभणारे होते असेही म्हटले आहे, आणि रोमच्या सरदारांना स्वतःविषयी काय ऐकायला आवडे हे त्या एका ओळीत दिसते.

पुस्तकाचा गाभा मात्र रोम एवढे का वाढले, या प्रश्नात आहे. त्याचे उत्तर केवळ शौर्यात शोधू नये, असे बीअर्ड आग्रहाने मांडतात. रोम पराभूत शहरांकडून मुख्यतः सैनिक मागे, आणि अनेकांना कमी-अधिक नागरिकत्वही देई. शिवाय मुक्त केलेले गुलामही मोठ्या संख्येने नागरिक होत. त्यामुळे इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या रणांगणावर हॅनिबलकडून सैन्याचा चक्काचूर होऊनही नवे सैन्य उभे करण्याइतकी माणसे रोमजवळ होती. इ.स. २१२ मध्ये सम्राट कॅराकॅला साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व देतो, तेथे पुस्तक थांबते, आणि हा शेवट पहिल्यापासूनच्या युक्तिवादातून आलेला असल्याने तो पटतो.

सामान्य माणसांवरील अकरावे प्रकरण मी सर्वांत आवडीने वाचले. युरिसॅसिस नावाच्या पाववाल्याने रोममध्ये स्वतःसाठी बांधलेली टोलेजंग समाधी आजही उभी आहे. तिच्या भिंतींवर धान्य दळणे, कणीक मळणे, भट्टीत पाव सारणे आणि शेवटी माल तोलून देणे असे सगळे काम ओळीने कोरलेले आहे. स्वतःच्या धंद्याचा एवढा अभिमान पाहिल्यावर रोमचा इतिहास केवळ सम्राटांचा उरत नाही. आठव्या प्रकरणातील सिसेरोचे घरही असेच जवळून दिसते : बाळंतपणानंतर दगावलेली लेक टुलिया, तिच्या दुःखाने खचलेला बाप, आणि गुलामगिरीतून मुक्त होऊनही त्याच्याच पत्रव्यवहारात गुंतलेला टायरो.

उणिवाही आहेत. दहाव्या प्रकरणात पहिला सम्राट ऑगस्टस याच्यानंतरचे चौदा सम्राट एकत्र गुंडाळले आहेत. सम्राट बदलला तरी कारभाराची चौकट फारशी बदलत नसे, ही त्यामागची भूमिका विचारार्ह आहे, पण नवख्या वाचकाला ट्रेजन आणि हेड्रियन यांच्यातील फरक त्यातून नीट कळत नाही. लढायांची वर्णने त्रोटक आहेत; डायोक्लिशियन व कॉन्स्टंटाइन हे नंतरचे सम्राट आणि इ.स. ४७६ मधील पश्चिम साम्राज्याचा शेवट यांसाठी वेगळे पुस्तक घ्यावेच लागेल. तळटिपा नाहीत, त्यामुळे एखादे विधान कशाच्या आधारे केले आहे हे लगेच तपासता येत नाही. मागे दिलेली कालरेषा आणि पुढे दिलेले नकाशे सतत उलटून पाहावे लागतात. ज्यांना जाड इंग्रजी पुस्तकाची सवय नाही, त्यांनी पहिले प्रकरण वाचून थेट सातव्या ते नवव्या प्रकरणांकडे, म्हणजे सीझर आणि ऑगस्टस यांच्याकडे जावे. आरंभीच्या राजांची प्रकरणे नंतर वाचली तरी चालतात.

हिंदुस्थानशी असलेला व्यापार या पुस्तकाचा मुख्य विषय नाही, पण आपल्याला तो जवळचा आहे. हिंदुस्थानाकडे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) जातात, अशी तक्रार रोमन लेखक थोरल्या प्लिनीने केली होती. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. सातारकरांनी हे पुस्तक वाचत असतानाच महामार्गाने जाऊन ती पाहून यावी.

माझी प्रत येथील दुकानात आगाऊ सांगून मागवावी लागली. अक्षर बारीक आहे, म्हणून ज्येष्ठ वाचकांनी ती चाळून मगच घ्यावी किंवा ई-आवृत्ती पाहावी. यानंतर मूळ साधनांकडे वळायचे असेल, तर प्लुटार्कने लिहिलेले सीझरचे चरित्र आणि सुएटोनियसची बारा सीझरांची चरित्रे इंग्रजी भाषांतरात सहज मिळतात. त्यांपैकी प्लुटार्क आधी घ्यावा, कारण तो एका माणसाची गोष्ट सलग सांगतो. सुएटोनियसच्या चुरचुरीत किश्श्यांवर कितपत विश्वास ठेवायचा, हे बीअर्ड वाचून झाल्यावर अधिक नीट ठरवता येते.