आईच्या पाठीचा पट्टा: बारा आठवडे वापरल्यावर

आई ७१ वर्षांची. बादली उचलायला वाकली आणि पाठीत अशी कळ आली की तिला सरळच होता येईना. पडली नव्हती, कुठे आपटली नव्हती, म्हणून आम्ही लचक समजून आठ दिवस शेकत बसलो. त्याची अजून टोचणी आहे. एक्स-रेत छातीच्या भागातला बारावा मणका पुढून चेपलेला, पाचरीसारखा दिसला. हाडं ठिसूळ झाली की एवढ्याशा ओझ्यानंही मणका दबतो. एमआरआयमध्ये मणक्याच्या आत सूज होती, म्हणजे फ्रॅक्चर ताजं. नसांवर दाब नव्हता, त्यामुळे ऑपरेशन न करता गोळ्या आणि अ‍ॅश ब्रेस.

हा ब्रेस म्हणजे पुढून बसणारी धातूची चौकट. एक गादी छातीच्या हाडावर, एक ओटीपोटाच्या खाली आणि पाठीमागून आवळायचा पट्टा. पुढच्या दोन गाद्या मागे रेटतात, पाठीचा पट्टा पुढे, म्हणून पुढे वाकता येत नाही. वाकलं की भार मणक्याच्या पुढच्या भागावर येतो, आणि आईचा तोच भाग दबलेला.

पहिला आठवडा वाईट गेला. दुकानदारानं नुसता कमरेचा घेर मोजून ब्रेस दिला. उभ्यानं ठीक वाटायचा, पण आई बसली की खालची गादी मांड्यांत रुतायची आणि वरची सरकत गळ्याशी यायची. ब्रेस बसवणाऱ्या तंत्रज्ञानं आईला खुर्चीत बसवून स्क्रू पुन्हा जुळवले, तेव्हा कुठे ती अर्धा तास शांत बसू शकली. घेताना रुग्णाला बसवून बघाच.

घालायचा तो झोपूनच. आधी गुडघे दुमडायचे, मग खांदे आणि कंबर एकाच वेळी वळवून कुशीवर. आई पलंगाची कड घट्ट धरून "हं, आता" म्हणायची, मग मी पाठीखालून पट्टा सरकवायची. आत सुती बनियन हवाच. एकदा राहिलं तर छातीवर रुपयाएवढा लाल डाग उठला.

उठताबसताना आईला खरंच आधार वाटला, चालणं लवकर सुरू झालं. पण ब्रेसमुळे हाड लवकर भरतं असा ठोस पुरावा नाही, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. खरं दुखणं ठिसूळ हाडांचं. आईचा डेक्सा स्कोअर (हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा आकडा) उणे ३.१ आला, उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस. आणि एक मणका दबला की वर्षभरात आणखी एक दबण्याची शक्यता साधारण पाचात एक! हे ऐकून मी हादरले. आधी ड जीवनसत्त्व भरून काढलं, मग झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं वर्षातून एकदा द्यायचं सलाईन. ब्रेस घेऊन हे टाळू नका. आणि पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर ब्रेस जुळवत न बसता थेट रुग्णालय गाठा.

सहा आठवड्यांनी घालायचा वेळ कमी करत बाराव्या आठवड्याला ब्रेस सोडला. फार दिवस घातला तर पाठीचे स्नायू ढिले पडतात, म्हणून फिजिओथेरपीचे व्यायाम आधीच सुरू केले होते.

चौकट अजून भक्कम आहे. खालच्या गादीचं रेक्झिन मात्र आठव्या आठवड्यात फाटलं आणि वेल्क्रो बनियनचे धागे धरून सैल पडलं. सुटी गादी मिळत असेल तर ब्रेसबरोबरच एक जादा मागून घ्या.