कॅम्पर उत्तम, स्टेपनी रामभरोसे: डेम्पस्टर महामार्गावरचे नऊ दिवस

कॅनडातल्या युकॉन प्रदेशातल्या व्हाइटहॉर्समधून भाड्यानं घेतलेल्या पिकअप कॅम्परबद्दल, म्हणजे पाठीवर राहायची खोली बसवलेल्या पिकअप ट्रकबद्दल लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही, आमचा हिशोब मिटलाय. पाचपैकी तीन तारे. ते दोन कुठे गेले तेच सांगते.

मी आणि ताई, जुलैमधले नऊ दिवस, डॉसनजवळच्या फाट्यापासून कॅनडाच्या पार उत्तरेला इनुविकपर्यंत आणि परत. ताई एकसष्ट वर्षांची, मी चौपन्न. गाडी आलटून पालटून चालवली.

कॅम्परला नावं ठेवायला जागा नाही. गादी जाड, शेगडी दोन बर्नरची, हीटर कळ दाबली की सुरू. पडदे तेवढे पातळ. आर्क्टिक वृत्त ४०५ किलोमीटरवर ओलांडलं आणि त्यापुढे सूर्य मावळायचं नावच घेईना. रात्री अकराला ताई उन्हात भांडी घासत होती. शेवटी खिडक्यांना ॲल्युमिनियमचा कागद चिकटवला. फ्रिजच्या मागच्या जाळीवर मात्र निघण्याआधीच चिकटपट्टी लावा. आम्ही लावली नाही, धुरळा थेट पोह्यांच्या डब्यात.

आता रस्ता. डेम्पस्टर म्हणजे ७३६ किलोमीटर, जवळजवळ सगळी खडी. १९७९ मध्ये खुला झाला. खालची जमीन बारमाही गोठलेली; ती वितळून रस्ता खचू नये म्हणून तो खडीच्या जाड भरावावर उचलून घेतलाय. आमच्यापुरता त्याचा अर्थ एवढाच, की बाजू थेट खाली उतरते. गाडी कडेला घ्यायला बहुतेक ठिकाणी जागाच नाही. पंक्चर झालं तर चाक रस्त्यातच बदलायचं.

आमचं झालं २९० किलोमीटरच्या आसपास. मागच्या उजव्या टायरात शाळेच्या पाटीच्या तुकड्यासारखा चपटा, धारदार दगड. मोबाइलला रेंज नाही. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली तारेला टांगलेली. ती खाली सोडायचा दांडा होता, पण दांडा घालायचं भोक चिखलानं बुजलेलं. धुरळा बसावा म्हणून या रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड मारतात. पाऊस पडला की त्याचा निसरडा चिखल, आणि वाळला की सिमेंट. ताईनं चमच्याच्या दांड्यानं वीस मिनिटं खरवडलं. स्टेपनी उतरली, हवेचा गेज लावला: १८ पौंड. बाकीच्या चाकांत ६०. आणि कंपनीच्या यादीत 'स्टेपनी तपासली' यापुढे ठसठशीत बरोबरची खूण!

हवा भरायचा छोटा पंप ताईनं निघतानाच विकत घेतला होता. तेव्हा मी म्हटलं होतं, "कशाला गं ताई, उगाच ओझं." त्या वेळी ती काही बोलली नाही. आताही बोलली नाही, फक्त पंप माझ्या हातात दिला.

चाक बसवेपर्यंत तीन गाड्या गेल्या. तिन्ही थांबून विचारून गेल्या. पुढे ईगल प्लेन्सपर्यंत जीव मुठीत. फाटा सोडल्यावर पहिलं पेट्रोल तिथेच, ३६९ किलोमीटरवर, आणि पंक्चरही तिथेच निघतं.

मुक्कामाला युकॉन सरकारची कॅम्पग्राउंडं, त्यांना माझे पाचच्या पाच. लिफाफ्यात रोख पैसे घालून पेटीत टाकायचे. जळाऊ लाकूड फुकट, कचऱ्याच्या पेट्या अस्वलाला न उघडणाऱ्या. टूम्बस्टोनला दोन रात्री राहिलो. काळे सुळके ढगातून वर निघाले तेव्हा ताईनं हातातला चहा गार होऊ दिला, आणि तिचा चहा कधीच गार होत नाही. रॉक रिव्हरला डासांनी फोडून काढलं. पाणी सगळीकडे उकळून प्या.

पील आणि मॅकेन्झी नद्यांवर गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटी आहेत, दोन्ही फुकट. इनुविकपासून तुक्तोयाक्तुकपर्यंत, म्हणजे समुद्रापर्यंत, २०१७ पासून रस्ता झालाय. आमचा बेतही होता. पण ठिगळ लावलेला टायर आणि एकच स्टेपनी, तेवढ्यावर मन होईना. इनुविकलाच वळलो. कंपनीवर माझा खरा राग आहे तो यासाठी.

काचेला परतीच्या वाटेवर समोरच्या ट्रकनं उडवलेला खडा लागला. करारात बारीक अक्षरांत होतं: खडीनं काच किंवा टायर गेला तर विमा नाही. म्हणजे काच जिथे फुटायची नेमका तिथेच विमा नाही. सही मीच केली होती, तेव्हा बोलायची सोय नव्हती.

गेजचा फोटो काउंटरवर दाखवला. पंक्चरचे पैसे त्यांनी लगेच दिले, काचेचे घेतले. पुन्हा त्यांचीच गाडी घेईन, पण दोन स्टेपन्या मागून, आणि गाडीखाली आडवं होऊन स्वतः गेज लावल्यावरच सही. चमचा वाकला होता. तोही त्यांच्या यादीतलाच, पण त्याचे पैसे कुणी मागितले नाहीत.