थायरॉईडसाठी फॅमिली डॉक्टर की तज्ज्ञ : कोल्हापुरातील सात वर्षांचा अनुभव

सात वर्षांपूर्वी मंगळवार पेठेतील आमच्या फॅमिली डॉक्टरांनी माझ्या हायपोथायरॉईडचे (थायरॉईड ग्रंथी कमी काम करते, त्या आजाराचे) निदान केले आणि मधली दीड वर्षे वगळता मी त्यांच्याकडेच उपचार घेत आले. त्या दीड वर्षात, जाऊबाईंच्या आग्रहावरून, मी शहरातील एका हार्मोनतज्ज्ञांकडे जात होते.

तेथे नंबर लावूनही दोन-दोन तास बसावे लागे आणि तपासणी पाच मिनिटांत आटपे. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी; ग्रंथीचे काम कमी पडले की हा आकडा वाढतो) ९ च्या घरात गेल्यावर त्यांनी गोळी ७५ वरून १०० मायक्रोग्रॅमची लिहून दिली, परंतु ती मी घेते कशी, हे विचारले नाही. नवी गोळी सुरू करण्यापूर्वी तोच रिपोर्ट फॅमिली डॉक्टरांना दाखवला, तेव्हा त्यांनी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली आणि कॅल्शियमची स्ट्रिप उचलून विचारले, "वहिनी, ही कधी घेता?" मी दोन्ही गोळ्या सकाळच्या चहाबरोबर एकदमच घेत होते! थायरॉईडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहाच्या किमान अर्धा तास आधी घ्यायची आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर चार तासांनी, एवढाच बदल त्यांनी सांगितला. मात्रा ७५ वरच ठेवली. औषधाचा परिणाम रक्तात स्थिरावण्यास वेळ लागत असल्यामुळे सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले, तेव्हा टीएसएच ३.१, म्हणजे नॉर्मल, आला.

मात्र थायरॉईडचीच गोळी घेणाऱ्या माझ्या मुलीला दिवस गेले, तेव्हा याच डॉक्टरांनी आपणहून तिला त्या तज्ज्ञांकडे पाठवले, आणि तेथील काम चोख झाले, हे मान्य केले पाहिजे. पहिल्याच भेटीत मात्रा वाढवणे, दर चार आठवड्यांनी टीएसएच, बाळंतपणानंतर मूळ मात्रेवर येणे, हे सारे त्यांनी कागदावर लिहून दिले. गळ्यात गाठ, हायपरथायरॉईड (ग्रंथी जास्त काम करणे) किंवा लहान मुलाचा आजार असेल, तर मीही तज्ज्ञांकडेच जाईन. स्थिरावलेल्या हायपोथायरॉईडसाठी, ज्यात सहा-बारा महिन्यांतून एकदा टीएसएच पुरतो, ते दोन तास मला परवडत नाहीत.

फॅमिली डॉक्टरांविषयी एकच तक्रार आहे : त्यांच्याकडे जुन्या रिपोर्टांची नोंद राहत नाही. त्यामुळे तारीख, टीएसएच आणि मात्रा मी वाणसामानाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते आणि तीच वही त्यांच्यापुढे उघडते.