आधी हात हलका, मग घोडा: इंदूरच्या एका घोडेस्वारी शिक्षकांकडे काही महिने शिकल्यानंतरचा अनुभव

गेल्या वर्षी पावसाळा ओसरल्यावर मी आणि माझी बारा वर्षांची मुलगी, अशा दोघींनी इंदूरबाहेर, राऊच्या पुढे असलेल्या एका खासगी तबेल्यात घोडेस्वारी शिकायला सुरुवात केली. आता उन्हाळा तोंडावर आला आहे आणि मत बनण्याइतका काळ नक्कीच गेला आहे. शिक्षकांना जाहिरात आवडत नाही, म्हणून नाव देत नाही. मला लिहायचे आहे ते त्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीविषयी.

शिक्षक सैन्यातले निवृत्त रिसालदार आहेत. मुले त्यांना सर म्हणतात, आम्ही मोठी माणसे रिसालदारसाहेब. त्यांची बहुतेक नोकरी जयपूरच्या ६१ कॅव्हलरीत गेली. संस्थाने विलीन झाल्यावर त्यांची घोडदळे एकत्र करून ही रेजिमेंट १९५३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यात ग्वाल्हेर लान्सर्सही होते, हे ते अभिमानाने सांगतात. घोडे शिकवण्याचे रीतसर शिक्षण त्यांनी मेरठला, रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअर या सैन्याच्या जनावरे सांभाळणाऱ्या विभागाच्या केंद्रात घेतले. निवृत्तीनंतर काही वर्षे पुण्यात राहून शर्यतीतून बाद झालेल्या थरोब्रेड घोड्यांना साध्या स्वारीसाठी नव्याने तयार करण्याचे काम त्यांनी केले. माझ्या मते त्यांच्या शिकवण्यावर या दुसऱ्या कामाचा ठसा अधिक आहे. जो घोडा लगाम ताणला की वेग वाढवायचे शिकलेला असतो, त्याला जोर लावून थांबवता येत नाही. त्याला शांतपणे, पहिल्या पायरीपासून पुन्हा शिकवावे लागते. रिसालदारसाहेबांचा आवाज चढतो तो नेहमी स्वारावर. घोडा बिचकला, अडला किंवा चुकीच्या बाजूला वळला, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘तुम्ही आत्ता काय केलंत?’’

सुरुवातीचे कित्येक आठवडे खोगिरावर बसणे जवळजवळ नव्हतेच. खरारा करणे, खूर उचलून आतली माती काढणे, मोरखी (तोंडात कडी नसलेली, डोक्यावर बांधायची दोरी) घालून घोड्याला शेजारून चालवणे आणि थांबवणे, एवढेच काम होते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवतालचे दिसते, पण नाकासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग दिसत नाही. म्हणून जवळ जायचे ते खांद्याच्या बाजूने आणि बोलत बोलत. याच टप्प्यावर अनेक जण वर्ग सोडतात. मुलांच्या दृष्टीने हा काळ योग्य वाटला, मोठ्यांसाठी तो थोडा कमी करता आला असता. मात्र घोड्याचे कान आणि शेपटी पाहून त्याची मनःस्थिती ओळखण्याची जी सवय त्या दिवसांत लागली, ती पुढे फार उपयोगी पडली.

त्यानंतर कावा. शिक्षक मध्ये उभे राहून लांब दोरीवर घोड्याला गोल फिरवतात आणि स्वार रिकिबीशिवाय, लगाम न धरता वर बसतो. आधी चाल, नंतर दुडकी. दुडकीत घोडा तिरप्या जोडीतले दोन पाय एकाच वेळी टेकवतो, त्यामुळे प्रत्येक पावलाला स्वार वर उडतो आणि नवशिक्याचे हात आपोआप आधार शोधतात. हातात लगाम असता तर तो आधार घोड्याच्या तोंडात शोधला गेला असता. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याच्या जबड्यात मोकळी जागा असते आणि तोंडातली लोखंडी कडी तिथे, जिभेवर व उघड्या हिरडीवर टेकते. स्वाराचा तोल गेला की त्याचे वजन थेट त्या हिरडीवर येते. म्हणून ज्याचे बूड खोगिरात स्थिरावलेले नाही, त्याच्या हाती लगाम द्यायचाच नाही, हा त्यांचा नियम आहे आणि तो कोणासाठीही, पैसे जास्त देतो म्हणणाऱ्यासाठीही, ते मोडत नाहीत.

या नियमाचे कारण त्यांच्या तबेल्यातच उभे आहे. नवशिक्यांसाठी त्यांच्याकडे जी सगळ्यांत विश्वासू घोडी आहे, ती पूर्वी वरातीत चालायची. ढोल, फटाके, दिवे यांपैकी कशालाच ती बिचकत नाही. पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यांत जुने पांढरे व्रण आहेत. ते काटेरी लगामाचे, म्हणजे तोंडात बसणाऱ्या काटेदार कडीचे आहेत. जनावरांवरील क्रूरतेविरुद्धच्या कायद्याखाली १९६५ मध्ये झालेल्या नियमांनी असा लगाम वापरायला बंदी घातलेली आहे, तरी लग्नसराईत तो आजही सर्रास दिसतो. ही घोडी आणली तेव्हा तोंडाजवळ हात गेला तरी डोके वर फेकायची, असे साईस सांगतो. तिला तोंडात काहीच न घालता, नुसत्या नाकपट्टीवर वळायला आणि थांबायला शिकवण्यात आले आणि आमच्या वर्गात ती आजही तशीच चालते.

आता मूळ मुद्दा. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटल्याने शिकतो, यावर त्यांची सगळी पद्धत उभी आहे. पोटरीचा हलका दाब दिला आणि घोड्याने पहिले पाऊल उचलले, की त्याच क्षणी पोटरी सैल झाली पाहिजे. ती दाबलेलीच राहिली, तर चालण्याने काही मिळत नाही एवढेच घोडा शिकतो, हळूहळू बधिर होतो आणि मग लोक त्याला आळशी ठरवून चाबूक मागतात. हवे ते केल्याबरोबर दाब काढून घेऊन शिकवण्याला मानसशास्त्रात नकारात्मक प्रबलन म्हणतात आणि ते शिक्षेहून अगदी वेगळे आहे. ऐकायला सोपे वाटते, पण प्रत्यक्षात सोडण्याची वेळ साधणे हीच सगळी विद्या आहे. माझ्या मुलीला ती माझ्याआधी जमली, कारण तिच्या हातात जोरच कमी होता, असे रिसालदारसाहेबांचे स्पष्टीकरण! शाबासकीसाठी ते मानेवर थापा मारू देत नाहीत. खोगिराच्या पुढे, मानेच्या मुळाशी खाजवायला सांगतात. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात आणि त्या जागी खाजवल्यास घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले होते.

स्वाराच्या अंगातल्या बारीक हालचाली घोडा किती टिपतो हे पटवण्यासाठी ते बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्याची हकिकत सांगतात. हा घोडा गणिते सोडवतो आणि खूर आपटून उत्तर देतो, अशी त्याची ख्याती होती. १९०४ मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑस्कार फुंग्स्ट यांनी तपास केला, तेव्हा असे आढळले की प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसेल, तर हान्सलाही ते येत नाही. उत्तराचा आकडा जवळ आला की विचारणाऱ्याच्या मानेत आणि चेहऱ्यावर नकळत होणारा बदल पाहून तो थांबत असे. वर्गात याचा उपयोग असा होतो की वळण घेताना लगामाआधी नजर आणि खांदे वळवायला सांगितले जाते आणि शिकलेला घोडा बहुतेक वेळा तेवढ्यावरच वळतो.

आता उणिवा. घोडे थोडे आहेत, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी ताटकळावे लागते. अभ्यासक्रम कुठेही लिहिलेला नाही. कोण कधी पुढच्या टप्प्यात जाईल ते सर्वस्वी त्यांच्या मनावर असते आणि पालकांनी विचारले तर उत्तर मिळते, ‘‘घोडा सांगेल.’’ हे उत्तर मला आजही अपुरे वाटते. मैदान माळव्याच्या काळ्या मातीवर आहे आणि वर वाळूचा थर असला तरी मोठा पाऊस झाला की ते चिकट, निसरडे होते. अशा वेळी वर्ग बंद राहतो, शुल्क मात्र चालू राहते. प्रवेशाच्या वेळी ते प्रत्येकाचे वजन सर्वांसमोर विचारतात. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भार नको, हे कारण रास्त आहे, परंतु ते बाजूला घेऊनही विचारता येईल.

स्पर्धेची आकांक्षा असलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताने ड्रेसाजचे (घोड्याकडून ठरावीक चाली व हालचाली अचूक करून घेण्याच्या प्रकाराचे) सांघिक सुवर्णपदक जिंकले. घोडेस्वारीत भारताला ४१ वर्षांनी मिळालेले ते सुवर्ण होते आणि त्या चौघांच्या संघात आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. तेव्हापासून तबेल्यात चौकशीला येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न पदकाचा असतो. त्या पातळीचे शिक्षण इथे मिळत नाही आणि रिसालदारसाहेब तसे स्वच्छ सांगतात. पक्की बैठक, हलका हात आणि तिन्ही चालींत घोड्यावर विश्वासाने बसता येणे, इथपर्यंत ते नेतात. त्यापुढे मोठ्या अकादमीकडेच जावे लागेल. मुलगी आता दोरीशिवाय सुटा घोडा कँटरमध्ये, म्हणजे दुडकीपुढच्या वेगवान चालीत, नेते, मी अजून दुडकीतच आहे.

पैसे भरण्याआधी एक पूर्ण वर्ग कुंपणाबाहेर बसून पाहावा. त्याला ते नाही म्हणत नाहीत. शिरस्त्राण स्वतःचे आणि मापाचे घ्यावे, कारण तिथली जुनी झाली आहेत. मे महिन्यात वर्ग उजाडताच सुरू होऊन ऊन चढण्याआधी संपतो, त्यामुळे शहराच्या दुसऱ्या टोकाहून येणाऱ्यांनी आधी तेवढ्या पहाटे निघणे जमेल का ते पाहावे आणि मगच नाव नोंदवावे.