/सिसवरची लेबलं: एसईलिनक्स आठ महिने एन्फोर्सिंगमध्ये ठेवल्यानंतर

आठ महिन्यांपूर्वी आमच्या गेटवे बॉक्सवर एसईलिनक्स (कोणत्या प्रोग्रामने कशाला हात लावायचा हे ठरवणारी लिनक्सची सुरक्षाव्यवस्था) एन्फोर्सिंगमध्ये टाकलं, म्हणजे नियमाबाहेरचं काम खरोखर अडवायला लावलं. बॉक्सचं काम साधं: शीतगृहातलं तापमान वाचायचं, मर्यादा ओलांडली की लाल एलईडी लावायचा, आकडे सर्व्हरला पाठवायचे. सर्व्हरवर एसईलिनक्स बरीच वर्षं वापरलेलं, म्हणून साहेबांना ‘आठवड्याचं काम’ असं सांगून मोकळा झालो. सहा आठवडे गेले, आणि त्यातले बहुतेक /सिसच्या खाली, म्हणजे कर्नल जिथे हार्डवेअर फायलींच्या रूपात दाखवतो त्या डिरेक्टरीत.

एसईलिनक्समध्ये प्रत्येक फायलीला आणि प्रोसेसला लेबल असतं, आणि कोणत्या लेबलला काय करता येईल ते पॉलिसीत, म्हणजे नियमांच्या संचात, लिहिलेलं असतं. डिस्कवरच्या फायलींचं सोपं असतं. एक्स्ट४ किंवा एक्सएफएसवर लेबल फायलीसोबतच साठवलेलं असतं, स्टीलच्या भांड्यावर नाव कोरून घ्यावं तसं. /प्रॉक (चालू प्रोसेसची माहिती दाखवणारी डिरेक्टरी) आणि /सिसमध्ये भांडंच नाही. त्या नोंदी कर्नल मेमरीत उभ्या करतो, मशीन बंद झालं की त्याही गेल्या. मग नाव कोरायचं कशावर? तिथे लेबल ठरतं पॉलिसीतल्या जेनएफएसकॉन ओळींवरून: अमुक फाइलसिस्टिममध्ये अमुक पाथने सुरू होणाऱ्या नोंदींना अमुक टाइप (लेबलातला मुख्य भाग). अनेक ओळी जुळल्या तर सगळ्यांत लांब असेल ती लागू. /प्रॉकमधल्या प्रोसेसच्या डिरेक्टऱ्या तेवढ्या निराळ्या, त्यांना त्या त्या प्रोसेसचंच लेबल मिळतं. हे मला फार आवडलं. दोन सेवांचे डोमेन (प्रोसेसच्या लेबलांचे टाइप) वेगळे ठेवले की एकीने दुसरीच्या /प्रॉकमध्ये डोकावण्याचा प्रश्न बराचसा तिथेच मिटतो.

पहिला एव्हीसी नकार (एसईलिनक्सने अडवल्याची लॉगमधली नोंद) आला एलईडीचा. असे नकार वाचून नियम सुचवणाऱ्या ऑडिट-टू-अलाऊने लगेच उपाय सुचवला: सेवेला सिसएफएस_टी टाइपवर लिहायची परवानगी द्या. म्हणजे एक दिवा लावण्यासाठी जवळजवळ अख्खं /सिस उघडं! हे साधन जे सुचवेल ते डोळे मिटून पॉलिसीत चिकटवणाऱ्यांनी एसईलिनक्स बंदच ठेवावं, निदान खोटं समाधान तरी नको.

मग लेबल हाताने बदलणारं चीकॉन चालवून पाहिलं. /सिसवर ते चालतं, दिवा लागला, मी चहाला गेलो. रीबूट केलं आणि लेबल पुन्हा होतं तसं. (/प्रॉकवर चीकॉन सरळ ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’ म्हणतं. ते परवडलं, आशा तरी लावत नाही.) बूट होताना अख्ख्या /सिसवर रिस्टोअरकॉन (ठरलेली लेबलं पुन्हा लावणारं साधन) फिरवायचाही प्रयोग केला. बूट रेंगाळायला लागलं, आणि ड्रायव्हर उशिरा लोड झाला की त्याच्या नोंदी सुटायच्याच.

शेवटी सीआयएलमध्ये (पॉलिसी लिहायची एक भाषा) छोटं मॉड्यूल लिहून जेनएफएसकॉन घातलं. अँड्रॉइड ५.० पासून, म्हणजे २०१४ पासून, फोनवर सगळे डोमेन एन्फोर्सिंगमध्ये आहेत, त्यामुळे त्यांची जेनएफएस-कॉन्टेक्स्ट्स फाइल वाचून पुष्कळ शिकता आलं. तरी घोडं तीनदा अडलं.

आधी मी /क्लास/एलईडीजचा पाथ दिला होता. तिथे असतात नुसत्या सिमलिंक. खरी फाइल /डिव्हाइसेसच्या खाली पाच-सहा पायऱ्या आत. लेबल मिळालं लिंकला, नकार येत राहिला खऱ्या फायलीवर. पाथ सुधारला, मॉड्यूल चढवलं, तरी एलएस -झेड जुनंच लेबल दाखवतंय. दोन दिवस मी सिंटॅक्सला दोष देत होतो. कारण एवढंच की कर्नलने जो आयनोड (फायलीची कर्नलमधली नोंद) आधीच मेमरीत घेतलाय, त्याचं लेबल नवी पॉलिसी चढवल्याने बदलत नाही. रीबूट केलं, जमलं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत चिवट. जुळणी निव्वळ अक्षरांची असते, डिरेक्टरीच्या हद्दीची नाही. आयटूसी (सेन्सरसारख्या चिप जोडायची बस) क्रमांक १, म्हणजे आयटूसी-१ साठी लिहिलेली ओळ आयटूसी-१० लाही लागते! आमच्या तापमान सेन्सरचं लेबल भलत्याच बसवरच्या चिपला मिळालं, आणि तिथे लिहिणं मुळीच सुरक्षित नव्हतं. शेवटी स्लॅश दिल्यावर ते थांबलं. पण बोर्डाच्या दुसऱ्या रिव्हिजनमध्ये बसचा क्रमांकच बदलला, म्हणजे पुन्हा नवी ओळ. जेनएफएसकॉनमध्ये वाइल्डकार्ड (कोणत्याही अक्षरांशी जुळणाऱ्या खुणा) आले ते २०२५ च्या ६.१५ कर्नलमध्ये, तेही पॉलिसीने ती क्षमता चालू केली तरच. आम्ही ६.६ वर, त्यामुळे तूर्त दोन्ही रिव्हिजनच्या ओळी शेजारीशेजारी नांदतात.

एवढा मनस्ताप कशासाठी? जूनमध्ये आकडे पाठवणाऱ्या सेवेच्या एका लायब्ररीत भोक निघालं. पॅच येईपर्यंत मी निवांत झोपलो, कारण त्या सेवेला तापमानाच्या फायली वाचण्यापलीकडे /सिसमध्ये काही करताच येत नव्हतं. हातात एखादाच सर्व्हर असेल तर वितरणासोबत येणारी पॉलिसी पुरते, जेनएफएसकॉनच्या वाटेला जाऊ नका. स्वतःचं हार्डवेअर विकत असाल तर मात्र टळत नाही. माझ्याकडून पाचपैकी चार. एक तारा त्या अक्षरजुळणीने खाल्ला.

आता बॉक्स पॅक होण्याआधी एक स्क्रिप्ट चालते: महत्त्वाच्या प्रत्येक नोंदीचा खरा पाथ शोधायचा, लेबल तपासायचं, फरक दिसला तर बॉक्स बाजूला काढायचा. तिसऱ्या रिव्हिजनचे बोर्ड पुढच्या महिन्यात येतायत. हार्डवेअरवाल्यांकडे पाथची यादी आत्ताच मागून ठेवलीय.