गोव्यातली नोटरी सेवा : शिक्का लवकर मिळतो, पण टिकतो का?

पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा. कुठेही जा, कोर्टाच्या किंवा मामलेदार कचेरीच्या आसपास टायपिंग, झेरॉक्स, स्टॅम्प पेपर आणि नोटरी असा सगळा कारभार एकाच टेबलाभोवती चाललेला दिसतो. सोयीच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. मात्र गुण द्यायचे ते वेगाला नव्हे, नोंदवहीला.

१९५२ चा नोटरी कायदा आणि १९५६ चे नियम यांत नोटरीचं काम नेमकं ठरलेलं आहे : दस्तावर सही कोणी केली याची खात्री करून ते प्रमाणित करणं, शपथ देणं, प्रतिज्ञापत्र घेणं. मजकूर खरा की खोटा, याची हमी तो देत नाही. ती जबाबदारी सही करणाऱ्याची. म्हणूनच सही करणारा समोर हवा. घरून सही करून आणलेलं प्रतिज्ञापत्र कारकुनाच्या हातून आत पाठवायचं आणि शिक्का मारून घ्यायचा, हा प्रकार सर्रास चालतो आणि गिऱ्हाईकही त्यावर खूश असतं. पुढे समोरच्या पक्षाच्या वकिलाने नोंदवही मागवली, की त्या तारखेला तुमची सही तिथे सापडत नाही. मग कागद पडला.

चांगला नोटरी ओळखायचा तो असा : मूळ आधार किंवा पासपोर्ट मागतो, झेरॉक्सवर भागवत नाही. सही स्वतःसमोर घेतो, प्रत्येक पानावर. खाडाखोड असेल तिथे आद्याक्षरं घ्यायला लावतो, रिकामी जागा रेघ मारून बंद करतो. नोंदवहीत सही घेतो आणि तिथला अनुक्रमांक दस्तावर लिहितो. शिक्का गोल, पाच सेंटिमीटर व्यासाचा. त्यात नाव, नेमणुकीचं क्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि नेमणूक करणारं सरकार हे सगळं वाचता यायला हवं. प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं, तेव्हा मुदत विचारायला लाजू नये. फीचा तक्ता दर्शनी भागात लावणं नियमानेच बंधनकारक आहे. तो लावलेला टेबल सापडला तर सांगा.

वयस्कर माणसांच्या बाबतीत मात्र बरेच जण कमी पडतात. कागद इंग्रजीत, आजीला कोंकणी-मराठीच येते, आणि अंगठा घेऊन मोकळे. मजकूर तिच्या भाषेत वाचून समजावला असा शेरा आणि ओळख पटवणाऱ्याची सही नसेल, तर वाद उभा राहताच पहिला हल्ला तिथेच होतो. आजी अंथरुणाला खिळलेली असेल तर नोटरी घरी येऊ शकतो, फक्त घर त्याच्या क्षेत्रात हवं. प्रवासभत्ता वेगळा घेण्याची तरतूद नियमांतच आहे.

गोव्यात सगळ्यात जास्त खप 'एकच व्यक्ती' प्रतिज्ञापत्राचा, म्हणजे वेगवेगळ्या कागदांवरची दोन नावं एकाच माणसाची आहेत असं सांगणाऱ्या कागदाचा. जुन्या जन्मनोंदीत पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, 'श'साठी एक्स, आधारवर वेगळंच. दोन्ही नावं कागदपत्रांत आहेत तशीच, अक्षर न अक्षर उतरवून घ्यावीत, नाहीतर तिसरंच स्पेलिंग जन्माला येतं. नाव खरोखर बदलायचं असेल तर या कागदाने भागत नाही. त्यासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे.

लग्न किंवा घटस्फोट नोटरीच्या शिक्क्याने होत नाही. केंद्रीय विधी खात्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये नोटरींना तसं स्पष्ट बजावलं, तरी विचारणारे थांबलेले नाहीत. भाडेकरार अकरा महिन्यांपुरता ठीक. वर्षाच्या वर गेला की नोंदणी आली.

पाचपैकी तीन गुण. साधं प्रतिज्ञापत्र, सत्यप्रत (मूळ कागद सोबत हवाच), बँकेचं हमीपत्र एवढ्यासाठी ही टेबलं पुरेशी आहेत. मृत्युपत्र मात्र इथे करू नये. गोव्यात ते २०१२ च्या उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विशेष नोटरीपुढे, म्हणजे सब-रजिस्ट्रार कचेरीत करावं लागतं. वारसांचा दस्तही (मृत व्यक्तीचे वारस कोण हे सांगणारा) तिथेच होतो आणि त्याची सूचना राजपत्रात येते. कोर्टाबाहेरच्या नोटरीने 'विल करून देतो' म्हटलं तर कागद उचलून सरळ तिकडे जावं.