मर्फींचे व्याकरण आणि आपला ‘गेलो होतो’

इंग्रजीत प्रेझेंट परफेक्ट (पूर्ण वर्तमानकाळ) कुठे आणि पास्ट परफेक्ट (पूर्ण भूतकाळ) कुठे, हा गोंधळ मिटवण्यासाठी कोणी पुस्तक विचारले, तर मी रेमंड मर्फी यांचे ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ सुचवतो. मात्र मराठी वाचकाने त्याच्या पंधराव्या पाठाच्या समासात स्वतःची एक टीप लिहून ठेवावी, असेही सांगतो. केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने हे पुस्तक १९८५ मध्ये काढले आणि २०१९ मध्ये त्याची पाचवी आवृत्ती आली. तीत १४५ पाठ आहेत, डाव्या पानावर नियम आणि उजव्या पानावर त्याच नियमाचा सराव.

पंधरावा पाठ पास्ट परफेक्टचा. पॉल साडेदहाला पार्टीतून निघून जातो, सारा अकराला पोहोचते. म्हणजे ती आली तेव्हा तो आधीच गेलेला होता. एवढ्या साध्या प्रसंगावर नियम उभा करून पुढे दोन्ही काळांची वाक्ये शेजारी शेजारी मांडली आहेत, आणि पाठाची खरी किंमत या मांडणीत आहे. आत्ताच्या क्षणावरून मागे पाहिले की ‘हॅव’ किंवा ‘हॅज’, आणि भूतकाळातल्या एखाद्या क्षणावरून त्याच्याही मागे पाहिले की ‘हॅड’, हे व्याख्या पाठ न करता कळते. दादरच्या फलाटावर उभे राहून आपण फोनवर ‘द ट्रेन हॅज लेफ्ट’ म्हणू. तीच हकिगत दुसऱ्या दिवशी सांगताना ‘व्हेन आय रीच्ड दादर, द ट्रेन हॅड लेफ्ट’ असे म्हणावे लागेल. इथे ‘हॅड’ गाळून नुसते ‘लेफ्ट’ म्हटले, तर आपण पोहोचलो आणि गाडी हलली, असा अर्थ निघू शकतो.

पुस्तक जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले असल्याने आपली खास अडचण त्यात येत नाही, आणि ती येणे शक्यही नव्हते. ‘काल मी बँकेत गेलो होतो’ असे आपण सहज म्हणतो. त्या जाण्यानंतर भूतकाळात दुसरे काही घडले, असे त्यातून सुचवायचे नसते. हाच ‘होतो’ इंग्रजीत ‘हॅड’ होऊन उतरतो आणि कार्यालयीन ईमेलमध्ये ‘आय हॅड सेंट द फाइल ऑन मंडे’ अशी वाक्ये येतात. वाचणारा इंग्रज मग पुढे काय घडले, याची वाट पाहत राहतो. तिथे ‘आय सेंट’ पुरे. समासात लिहायची टीप हीच: भूतकाळातली दुसरी, नंतरची घटना किंवा वेळ वाक्यात वा संदर्भात नसेल, तर ‘हॅड’ खोडावा.

याच्या उलट चूक, म्हणजे ‘आय हॅव सेंट द फाइल येस्टर्डे’, पुस्तकाने नीट पकडली आहे. सरून गेलेली वेळ सांगितली की प्रेझेंट परफेक्ट चालत नाही, हे चौदाव्या पाठात स्पष्ट होते. सातव्यापासून चौदाव्यापर्यंत सलग आठ पाठ प्रेझेंट परफेक्टला, त्याच्या चालू रूपाला आणि साध्या भूतकाळाशी असलेल्या त्याच्या फरकाला दिले आहेत. त्या मानाने साध्या पास्ट परफेक्टच्या वाट्याला सरावाचे एकच पान येते, ते मला अपुरे वाटते. पुस्तकाच्या शेवटी काळांची सरमिसळ असलेला जादा सराव आहे, तो टाळू नये. अमेरिकी ग्राहकांशी पत्रव्यवहार करणाऱ्यांनी अमेरिकी इंग्रजीवरचे परिशिष्टही पाहावे, कारण ‘जस्ट’ आणि ‘ऑलरेडी’ यांच्यासोबत तिकडे साधा भूतकाळही सर्रास चालतो.

सगळे विवेचन इंग्रजीतच असल्याने अगदी नवख्याला हे निळे पुस्तक जड जाईल; त्याने मर्फींचेच लाल मुखपृष्ठाचे प्राथमिक पुस्तक आधी घ्यावे. एकट्याने अभ्यास करणाऱ्याने विकत घेताना उत्तरांसहित आवृत्ती मागून घ्यावी, कारण उत्तरांशिवायचीही निघते आणि मुखपृष्ठावरून घाईत फरक लक्षात येत नाही.